मातीच हवी

मांजरांचं लिटर, म्हणजे त्यांच्या शी-शूच्या ट्रेमध्ये पसरतात ती माती, बदलायचं ठरलं ते निसर्गप्रेमापेक्षा कचरा न्यायला येणाऱ्या मावशींमुळे. आमची इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही आणि आम्ही सगळ्यात वर. घरात दोन मांजरं. त्यांच्या ट्रेमधले ओल्या मातीचे गोळे रोज चाळून काढायचे, कागदात गुंडाळायचे आणि पिशवीला गाठ मारून दाराशी ठेवायची. पिशवी दिसायला एवढीशी, पण उचलली की हात खाली जायचा. एका सकाळी मावशी जिन्यात थांबून म्हणाल्या, "ताई, रातभर दगडं फोडता का काय घरात?" हसून म्हणाल्या, पण खांदा चोळत म्हणाल्या.

त्यांचं दुसरं गाऱ्हाणं जास्त वाजवी होतं. पिशवी फाटली की माती बाकीच्या ओल्या कचऱ्यात मिसळायची, तिचा चिखल व्हायचा आणि तो हाताने निवडायचा कुणी? ही माती कुजत नाही. ओल्यात तिचा उपयोग नाही, सुक्यात तर नाहीच. पुण्यात वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करून द्यायची मोहीम 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचकांनी चालवली, त्यामुळे निदान ते वेगळं द्यायचं असतं हे लोकांच्या कानावर तरी गेलं. मांजराच्या मातीसाठी असा काही ठिपका नाही.

ही माती म्हणजे बेंटोनाइट. आपल्याकडे ती मुख्यतः कच्छातून आणि राजस्थानातून येते. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्यातून झाला, त्याच दख्खनच्या बेसाल्टचं लाखो वर्षांत रूप पालटून कच्छातलं बेंटोनाइट तयार झालं. तिच्या कणांचे अतिशय पातळ थर असतात, त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की ते फुगतात आणि एकमेकांना धरून बसतात. म्हणून शू पडली की घट्ट गोळा होतो आणि बाकीची माती कोरडी राहते. हाच गुण तेलविहिरी खोदताना आणि ओतकामाचे साचे बनवताना कामाला येतो. इतकी गुणी वस्तू. ती जमीन उकरून काढायची, वाळवायची, दळायची, गोण्या भरून पुण्याला आणायची आणि भिकूने एकदा पाय घासला की कचऱ्यात. महिन्याला दहा किलोची गोणीसुद्धा पुरत नव्हती आम्हाला.

मांजरांची ओळख करून देते. सगुणा आता नऊ-दहा वर्षांची असेल. मार्केट यार्डात गाळ्यांमागे जन्मलेली, पट्टेरी, मोजकं बोलणारी. भिकू नारिंगी बोका, नसबंदी झालेला, दिवाणखान्याचा मालक. तो डोळे उघडले तेव्हापासून घरातच आहे. सगुणाने आयुष्य पाहिलंय, ती कशाशीही जुळवून घेईल, भिकूच नाटकं करील, असा घरातल्या सगळ्यांचा अंदाज होता.

दुकानात पर्याय बरेच निघाले. पाइनच्या भुश्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, मक्याचं, कागदाचं आणि टोफूचं. टोफूचं घेतलं, कारण ते मातीसारखा गोळा होणारं आणि वजनाला हलकं होतं. सोयाबीनचं दूध काढल्यावर उरणारा चोथा, त्यात मक्याचं नाहीतर वाटाण्याचं स्टार्च, आणि यंत्रातून पाडलेल्या बारीक कांड्या. जाडी शेव मोडून ठेवावी तशा दिसतात. किलोमागे मातीच्या तिपटीहून महाग. सासूबाईंनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे मांजरांच्या बुडाखाली सोयाबीन, आणि परवा गवार महाग म्हणून आणली नाहीस ती तूच ना?" याला उत्तर नव्हतं.

भिकूने पुढचे दोन पाय ट्रेच्या कडेवर ठेवले, मागचे दोन नाइलाजाने आत टेकवले आणि पूर्ण वेळ माझ्याकडे बघत कार्यक्रम उरकला. नंतर कांड्या उकरायच्या सोडून ट्रेची प्लॅस्टिकची भिंत खरवडत बसला. मग एकेक पाय झटकत बाहेर उडी. हे झटकणं, भिंत खरवडणं, न झाकता पळून जाणं म्हणजे मांजराचा लेखी निषेधच असतो, हे मला डॉक्टरबाईंनी पुढे सांगितलं. तरी त्याने ट्रे वापरला. सगुणाने वापरलाच नाही. आली, वास घेतला, एका पंजाने दोन कांड्या हलवून पाहिल्या आणि शांतपणे निघून गेली. रात्री न्हाणीघराबाहेरचं पायपुसणं ओलं सापडलं. पुढच्या रात्री माझ्या ओढणीवर. त्यानंतर काहीच नाही, आणि हे काहीच नाही जास्त धास्तीचं होतं.

इथे थोडं थांबून सांगावंसं वाटतं. मांजर ट्रेबाहेर शू करायला लागलं की 'रुसलंय' म्हणून हसण्यावारी नेतात. पण मूत्राशयाला सूज आली असेल, लघवीत खडे धरत असतील, तरी मांजर असंच वागतं, कारण दुखण्याचा दोष ते ट्रेला देतं. बोक्याच्या बाबतीत तर वाट बघायचीच नाही. त्याची मूत्रनळी अरुंद असते, ती पूर्ण अडकली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. ट्रेमध्ये वारंवार जाऊन बसणं, जोर करणं, ओरडणं आणि थेंबही न येणं, एवढं दिसलं तरी रात्र असो की रविवार, दवाखाना गाठायचा. सगुणाला घेऊन गेलो. लघवी तपासली, पोट चाचपून पाहिलं. सगळं ठीक. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हिला काही झालेलं नाही. हिला ते आवडलेलं नाही, एवढंच. जुनी माती परत द्या आणि नवीन दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवा. तिला निवडू दे." आणि वासाचं लिटर कशाला आणलंत, म्हणून बोलल्या. आमच्या पाकिटावर ग्रीन टी लिहिलं होतं. तो सुगंध आपल्यासाठी असतो. ट्रेमध्ये नाक घालून उभं राहणाऱ्या प्राण्याला तो नकोसा होतो.

घरी आल्यावर सासूबाई फिनेलची बाटली घेऊन तयारच होत्या. ती आधी मोरीच्या वरच्या फळीवर गेली. फिनॉल असलेली द्रव्यं मांजराला विषारी असतात. ती पचवून बाहेर टाकायची सोय त्याच्या यकृतात आपल्यासारखी नसते, आणि पुसलेल्या फरशीवरून चालून पाय चाटले तरी ती पोटात जातात. अमोनियाच्या वासाचं काही वापरलं तर ते शूसारखंच वाटून मांजर तिथेच पुन्हा जातं. एन्झाइमवाला क्लीनर मिळतो तो शिंपडायचा, बराच वेळ मुरू द्यायचा आणि टिपून घ्यायचं. पायपुसणं वाचलं. ओढणी नाही.

मग मिसळणं सुरू झालं. सगळे हाच उपाय सांगतात: जुन्यात नवीन थोडं घाला, दर आठवड्याला प्रमाण वाढवा. कागदावर फार छान दिसतं. पण कांड्या मोठ्या आणि हलक्या, माती बारीक आणि जड. मांजराने दोनदा उकरलं की माती तळाला आणि कांड्या सगळ्या वर. चुरमुऱ्यांच्या डब्यात शेंगदाणे खाली गेलेले दिसतात, हे ठाऊक असून मला ते ट्रेमध्ये बघेपर्यंत सुचलं नव्हतं. म्हणजे मी पाव भाग टोफू घातलं तरी सगुणाच्या पायाखाली येत होतं ते निव्वळ टोफू. ती बाजूला सारून खालच्या मातीपर्यंत पोचायची, तेवढी जागा मोकळी करून बसायची. उरलेल्या कांड्या घरभर. रात्री पाणी प्यायला उठलं की पायाखाली कुर्रकन वाजायचं.

याच दिवसांत गॅलरीतल्या कुंड्या बिघडायला लागल्या. गवती चहाची कुंडी रोज सकाळी उकरलेली. आधी कावळ्यांवर संशय गेला, मग वासावरून उलगडा झाला. त्या कुंडीत नुकतंच मी कोकोपीट भरलं होतं. टोफूच्या महागड्या ट्रेवरून उडी मारून जाऊन सगुणा नारळाच्या भुश्यात बसत होती. शेजारच्या कुंडीत वर खडे पसरलेले होते, तिला हात लावलेला नव्हता.

म्हणजे हिला पर्यावरण नको होतं असं नाही. हिला पायाला खडबडीत लागणारं नको होतं. मांजराच्या पंजाची गादी फार हळवी असते, आणि त्यांचे पूर्वज पश्चिम आशियातल्या आणि आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. बारीक, भुसभुशीत, पंजाने सहज सरकणारं काहीतरी खोदावं आणि झाकावं, ही सवय तिकडची. दाणा जितका बारीक तितकं मांजराला पसंत, असं पशुवैद्य सांगतात ते यामुळेच. गंमत म्हणजे माणसाने घरात माती आणली ती मांजराचं मन ओळखून नव्हे. १९४७ सालापर्यंत अमेरिकेतही लोक चुलीतली राख, वाळू नाहीतर भुसाच वापरायचे. आपल्या आज्यांच्या मांजरी परसात किंवा राखेच्या ढिगात जायच्या, तसंच. त्या वर्षीच्या हिवाळ्यात मिशिगनमधल्या एका बाईची वाळू गोठली. ती एड लो नावाच्या शेजाऱ्याकडे मागायला गेली आणि त्याने तेल टिपून घ्यायला ठेवलेली माती तिला दिली. ती माती मुलतानी मातीच्याच जातकुळीतली. मांजराला आवडली, बाई पुन्हा मागायला आली, आणि त्या माणसाने पाकिटं भरून विकायला सुरुवात केली. गोळा होणारं बेंटोनाइट आलं ते १९८० च्या दशकात. थोडक्यात, घरात कायम राहणारं मांजर हीच त्या मातीची देणगी आहे, आणि आता ती काढून घ्यायला निघाले होते मी.

कोकोपीटचा ट्रे करून पाहिला. सगुणा खूश. आम्ही नाही. त्याचा गोळा होत नाही, ते फक्त शोषून घेतं, त्यामुळे सगळाच ट्रे वरचेवर ओतून टाकावा लागतो. ओलसर झालं की पायाला चिकटतं आणि पांढऱ्या चादरीवर चहाच्या रंगाचे पंजे उमटतात. सुकवून वापरलं तर धूळ. पाइनच्या गोळ्यांकडे दोघांनी ढुंकून पाहिलं नाही, त्या तर टोफूहून जाड. टिंबर मार्केटातून भुसा आणायचा विचार आला होता, पण तो प्लायवूडचा की सागाचा, त्यात डिंक किती, हे कोण सांगणार? मावसभावाने मुळशीहून भाताचं तूस पाठवलं. ते टोचतं. भिकूच्या शेपटीच्या केसांत अडकलेलं तूस काढताना माझे हात ओरबाडले गेले, आणि तो प्रयोग तिथेच संपला. वर्तमानपत्राच्या चिंध्या केल्या, त्यावर भिकू झोपला.

शेवटी दाण्याचाच प्रश्न असेल तर दाणा बारीक करू, असं नवरा म्हणाला. त्याला स्वयंपाकघरातला मिक्सर दिसत होता, मला सासूबाईंचा चेहरा दिसत होता. माळ्यावर जुना मिक्सर होता, एकाच वेगावर चालणारा, तो काढला. बिनवासाच्या टोफूच्या कांड्या त्यात फिरवल्या. पीठ करायचं नाही, पीठ झालं तर उडतं आणि पंजाला लगदा बसतो. जाड रव्याइतकं भरड झालं की थांबायचं आणि चाळणीने अगदी बारीक भुकटी काढून टाकायची. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "त्या भांड्यावर खूण कर हो. मी गेल्यावर कुणी त्यात चटणी वाटायचं." भांड्यावर लाल रंगाने फुली आहे.

भरड टोफू भिकूने लगेच घेतलं. चारही पाय आत, उकरणं, झाकणं, सगळं यथासांग. ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती तो सुधारला. सगुणाने मात्र निम्मी माती आणि निम्मं भरड टोफू इथपर्यंत येऊन पाय रोवले. आता दोन्हीचा दाणा सारखा असल्याने मिश्रण निदान मिसळलेलं राहत होतं. पण प्रमाण जरा वाढवलं की ती गवती चहाकडे बघायला लागते. ती बघायला लागली की मी प्रमाण कमी करते. वय पाहता डॉक्टरबाईंनीही तिला आणखी ताणू नका असं बजावलंय.

पावसाळ्यात टोफूची निराळी कटकट. श्रावणात हवा ओली, कांड्या पाकिटातच मऊ पडल्या. एक पाकीट तळाशी हिरवट झालं, ते तसंच टाकून दिलं. बुरशी आलेलं लिटर मांजराच्या नाकाखाली ठेवू नये. तेव्हापासून मोठं पाकीट घेत नाही, आणि उघडलं की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. मातीला हा त्रास नव्हता, हे कबूल करायलाच हवं.

आणि पाकिटावरची ती हिरवी पानं. आमच्या पाकिटावर 'कमोडमध्ये टाका, खतात टाका' असं ठसठशीत छापलेलं आहे. दोन्ही आम्ही करत नाही. मांजराच्या शीमधून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची अंडी पडू शकतात. कच्चं मांस न खाणाऱ्या, बाहेर न फिरणाऱ्या मांजराकडून ती शक्यता कमी, पण ही अंडी भलतीच चिवट. सांडपाणी शुद्ध करून सोडलं तरी ती नेहमी मरत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची समुद्री पाणमांजरं या परजीवीने मरतात असं आढळलं, तेव्हा मांजराची घाण कमोडमध्ये टाकू नका अशी सूचना लिटरच्या पाकिटांवर छापायचा कायदा त्या राज्याने २००६ मध्ये केला. बाल्कनीतला खताचा डबा ती अंडी मरण्याइतका तापत नाही, त्यामुळे त्या खतात मेथी लावणं म्हणजे भलतं धाडस. ही अंडी पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून ट्रे रोज साफ करायचा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर ते काम दुसऱ्याने करायचं. म्हणजे कुजणारं लिटर घेऊनही ते शेवटी गाठ मारलेल्या पिशवीतच जातं. मग पर्यावरणपूरक ते कितपत? खाणीतून उपसलेली माती नाही, आणि मावशींच्या खांद्याला हलकं. माझ्या हिशेबात एवढंच बसतं, बाकी पानं पाकिटावर राहू देत.

सध्याची व्यवस्था अशी: ट्रे तीन. मांजरांपेक्षा एक जास्त हवा म्हणतात तो नियम, आणि तो पाळल्यापासून भांडणं खरंच कमी झाली. न्हाणीघरात भिकूचा भरड टोफूचा. स्वयंपाकघराच्या बोळात सगुणाचा निम्म्या-निम्म्याचा. गॅलरीत निव्वळ मातीचा, अडीनडीला. तो दोघंही वापरतात, आणि भिकू तर जरा जास्तच, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. दहा किलोची गोणी आता दोन महिन्यांवर जाते. कुंड्यांवर मोठे खडे अंथरलेत. कचरा दुहेरी कागदात बांधून वेगळा देते, वर मार्करने मांजर काढते. मावशींनी परवा तो पुडा हातावर तोलून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्ये बरंय. पर चित्र उंदरावानी दिसतंय."

बाजारात दीड मिलिमीटर जाडीच्या बारीक कांड्या मिळतात, त्या आणून पाहिल्या. सगुणाला त्याही जाड. भरड केलेलंच टोफू, बिनवासाचं, छोट्या पाकिटात पुण्यात कुठे मिळत असेल तर कळवा. माळ्यावरच्या मिक्सरला आता जळका वास यायला लागलाय.